शॉर्टकट नेमका कोठे नेतो?

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छपाईच्या दुकानात परवा एका विद्यार्थिनीने प्रबंध छापण्यासाठी पेन ड्राइव्ह दिला. त्यात प्रबंधाच्या नावाची फाइल होती, चिन्हही वर्डचेच होते, पण ती उघडेना. दुकानदारांनी तिचा आकार पाहिला, तो होता अवघा 2 केबी. दोनशे पानांचा सचित्र प्रबंध एवढ्यात मावणे शक्य नव्हते. डेस्कटॉपवरून तिने उचलून आणला होता तो शॉर्टकट, म्हणजे मूळ फाइलीकडे नेणारी नुसती खूण. प्रबंध कोथरूडला घरच्या संगणकातच राहिला होता.

दुकानदारांनी त्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडले आणि ‘टार्गेट’ या चौकटीतली ओळ तिला वाचून दाखवली. तिने लगेच घरी फोन लावला. ‘बाबा, डी ड्राइव्ह उघडा, त्यात प्रबंध नावाचं फोल्डर आहे, त्यात अंतिम.’ मूळ फाइल समोर नसतानाही तिचा ठावठिकाणा त्या 2 केबींमध्ये नोंदलेला होता.

विंडोज 95 पासून रूढ झालेला शॉर्टकट ही स्वतः एक स्वतंत्र, छोटी फाइल असते. तिच्या नावाचा शेवट ‘.एलएनके’ असा असतो. मात्र इतर फाइलींची एक्स्टेन्शन दाखवण्याची सोय चालू केली, तरी विंडोज हा शेवट दाखवत नाही, आणि माणसे फसतात ती बहुधा येथेच. या फाइलीचे पहिले 76 बाइट म्हणजे तिचा मथळा होय. मूळ फाइल केव्हा तयार झाली, केव्हा बदलली आणि तिचा आकार किती, हे त्यात लिहिलेले असते. पुढे संपूर्ण मार्ग आणि ज्या ड्राइव्हवर ती फाइल होती त्याचा अनुक्रमांकही येतो. एनटीएफएस या, विंडोजच्या फाइली साठवण्याच्या पद्धतीच्या डिस्कवर फाइलीची एक ओळखखूणही नोंदली जाते, त्यामुळे फाइल त्याच डिस्कवर दुसरीकडे हलवली किंवा तिचे नाव बदलले, तरी शॉर्टकट पुष्कळदा तिला शोधून काढतो. ड्राइव्ह काढून नेला तरी ही नोंद मागे उरते, म्हणून संगणकीय गुन्ह्यांच्या तपासात शॉर्टकट फार मोलाचे ठरतात.

संगणक घरचाच असेल, तर ‘प्रॉपर्टीज’च्याच खिडकीतले ‘ओपन फाइल लोकेशन’ हे बटण थेट मूळ जागी नेते. मात्र ‘टार्गेट’मध्ये आधी एखाद्या प्रोग्रॅमचा मार्ग आणि त्यापुढे फाइलीचे नाव असेल, तर ते बटण फक्त प्रोग्रॅमपाशी पोहोचवते, अशा वेळी पूर्ण ओळ शेवटपर्यंत वाचावी.

चिन्हावर मात्र मुळीच विसंबू नये, कारण कोणते चित्र दाखवायचे ही नोंद मार्गापासून वेगळी असते आणि ती कोणालाही बदलता येते. पेन ड्राइव्हमधून पसरणारे अनेक व्हायरस याचाच फायदा घेतात: खरे फोल्डर दडवतात आणि त्याच नावाचे, फोल्डरचेच चिन्ह असलेले शॉर्टकट जागोजागी मांडतात. 2010 साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमला तर शॉर्टकटचे चिन्ह नुसते पडद्यावर उमटणेही पुरेसे होते; त्या त्रुटीवर मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी दुरुस्ती काढली, पण ती अपुरी ठरल्याने 2015 मध्ये पुन्हा दुरुस्ती करावी लागली. फोल्डरसारख्या दिसणाऱ्या शॉर्टकटच्या ‘टार्गेट’मध्ये ‘सीएमडी’ किंवा ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ हे आज्ञा चालवणारे विंडोजचे प्रोग्रॅम दिसले, तर ते चुकूनही उघडू नये. अशा वेळी फोल्डर पुसले गेलेले नसतात. आधी अँटीव्हायरस चालवून, मग लपलेल्या आणि संरक्षित फाइली दाखवण्याचा पर्याय चालू केला, की ते त्याच पेन ड्राइव्हमध्ये फिक्या रंगात दिसू लागतात.