भरतीच्या पाण्यातली ऊर्जा: गिरणीपासून वीजकेंद्रापर्यंत

तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. कोकण किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. यामागचं गुरुत्वाकर्षणाचं कारण न्यूटनने १६८७ मध्ये मांडलं.

पण पाणी कामाला लावायला लोक त्या उत्तरासाठी थांबले नव्हते. उत्तर आयर्लंडमधल्या नेन्ड्रम मठाची भरतीवर चालणारी गिरणी इ. स. ६१९ च्या सुमाराची आहे. तिच्या लाकडातल्या वार्षिक वलयांवरून हा काळ ठरला. अशा गिरणीत भरतीचं पाणी बांधाआड अडवायचं आणि ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की चाकावर सोडायचं. उंचीवर अडलेल्या पाण्यात स्थितिज ऊर्जा असते, वाहताना ती गतिज होते आणि जातं फिरवते. अडचण वेळेची: भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे दळणाची वेळ कधी दुपारी, कधी मध्यरात्री.

मुलं हमखास म्हणतात, ही ऊर्जा चंद्र देतो. इथे थांबून समजावायला हवं. चंद्र पाणी ओढतो, पण ऊर्जा खर्च होते ती पृथ्वीच्या फिरण्यातली. भरतीच्या घर्षणाने पृथ्वीची गती मंदावते, हे जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७५४ मध्येच सुचवलं होतं. त्याच ओढाताणीत चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातो. अपोलो मोहिमांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांमुळे हे अंतर मोजता येतं.

मोठं वीजकेंद्र उभं राहिलं ते १९६६ मध्ये, फ्रान्समधल्या सेंट मालोजवळ रान्स नदीच्या मुखावर. ७५० मीटरचा बांध, १० मेगावॉटची २४ टर्बाइनं, भरती-ओहोटीतला सरासरी फरक ८ मीटर. क्षमता २४० मेगावॉट असली तरी वर्षाला वीज मिळते सुमारे ५० कोटी युनिट, म्हणजे सरासरी जेमतेम ५७ मेगावॉट. आतबाहेरची पातळी जवळ आली की टर्बाइन फिरवायला जोरच उरत नाही. शक्ती (मेगावॉट) आणि ऊर्जा (युनिट) यांतला फरक शिकवायला याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण. बांधकामासाठी खाडी सुमारे तीन वर्षं समुद्रापासून तोडली गेली. खारेपणा घटला, गाळ साचला, जलचर मेले. जीवसृष्टी सावरायला दहाएक वर्षं लागली.

मग हे गोव्यात का नाही? ऊर्जा भरती-ओहोटीतल्या फरकाच्या वर्गाप्रमाणे वाढते. फरक निम्मा झाला तर अडवलेलं पाणी निम्मं होतं आणि त्याची सरासरी उंचीही निम्मी, म्हणून ऊर्जा चौथा हिस्सा. एक चौरस किलोमीटर तळ्यात ८ मीटर फरकाला एका ओहोटीत जास्तीत जास्त सुमारे ८७ हजार युनिट, ४ मीटरला सुमारे २२ हजार. भावनगरच्या किनाऱ्यावर उधाणाला फरक १० मीटरवर जातो, गोव्यात तो २ मीटरच्या आसपास. तेवढ्याच तळ्यात गोव्याच्या वाट्याला पंचविसावा हिस्सा येईल, बांधाचा खर्च मात्र त्या प्रमाणात उतरणार नाही.