बंबाला चार दारं कशासाठी?

पुण्यात भवानी पेठेतल्या मध्यवर्ती अग्निशमन केंद्रातून मोठा बंब बाहेर पडला की रस्त्यावरच्या माणसाची नजर जाते शिडीवर, नाहीतर वर फिरणाऱ्या दिव्यांवर. माझ्या मते या गाडीतली सगळ्यात डोकं लावून केलेली गोष्ट ड्रायव्हरच्या पाठीमागे असते, ती म्हणजे दारांची दुसरी जोडी. मालवाहू ट्रकला दोन दारं पुरतात, मग याला चार का?

पूर्वी नव्हतीच. एकोणिसाव्या शतकात आधी एडिंबरो आणि मग लंडनचं अग्निशमन दल उभं करणाऱ्या जेम्स ब्रेडवुडच्या नावाने ओळखले जाणारे बंब होते, त्यांत जवान गाडीच्या दोन्ही कडांना, एकमेकांकडे पाठ करून, चक्क उघड्यावर बसायचे. वळणावर पकड सुटली की माणूस रस्त्यावर. 1930 च्या दशकात बंद केबिन येऊ लागल्या, त्या याच कारणाने.

आजच्या क्रू कॅबमध्ये, म्हणजे जवानांसकटच्या केबिनमध्ये, पुढे ड्रायव्हर आणि अधिकारी किंवा तांडेल (जवानांच्या तुकडीचा म्होरक्या), मागच्या बाकावर चार-पाच फायरमन. सगळी सोय असलेल्या गाडीत हे मागचं बाक जवळून बघावं. पाठ टेकायच्या जागी खोबण असते आणि तिच्यात श्वसनयंत्राचा सिलिंडर पकडीत बसवलेला असतो. फायरमन बसल्या बसल्या त्याचे पट्टे खांद्यावर चढवतो आणि बक्कल लावतो. गाडी थांबली की पकडीचा खटका सुटतो आणि तो सिलिंडर पाठीवर घेऊनच खाली उतरतो. एरवी घटनास्थळी उभं राहून करायचं काम सिग्नलपासून सिग्नलपर्यंतच्या प्रवासात उरकतं. नेहमीच्या 6.8 लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बार दाबाने (1 बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेएवढा दाब) दोन हजार लिटरच्या आसपास हवा मावते. धावपळीत माणूस मिनिटाला 40 लिटर सहज ओढतो, त्यात परतीसाठी थोडी राखून ठेवायची, म्हणजे हातात अर्धा-पाऊण तास. म्हणून पट्टे आधी चढवले तरी मुखवट्यातली हवा सुरू होते ती धुराच्या तोंडाशीच.

पण ट्रकवर जागा फुकट मिळत नाही. केबिन मीटरभर लांबली की पाण्याची टाकी तेवढी मागे सरकते. मग एक तर टाकी लहान करा, नाहीतर चाकांमधलं अंतर वाढवा. अंतर वाढलं की गाडीला वळायला जास्त जागा लागते, आणि पेठांमधल्या बोळांत, दोन्हीकडे दुचाक्या लावलेल्या असताना, ही जागा आणायची कुठून? बंबाची रचना म्हणजे माणसं, पाणी आणि वळण यांच्यातली घासाघीस आहे, दुसरं काही नाही.

टाकीचंच घ्या. 4500 लिटर पाणी म्हणजे साडेचार टन वजन, आणि तेही हलणारं. टाकी काठोकाठ भरलेली असली की ते वजन मुकाट बसतं. अर्धी रिकामी टाकी जास्त घातक, कारण वळणावर सगळं पाणी एका अंगाला धावतं आणि गाडीला बाहेरच्या बाजूला ओढतं. कात्रजकडून नवले पुलाच्या उतारावर ब्रेक मारला तर हेच पाणी पुढच्या भिंतीवर आदळेल. म्हणून टाकीत आडवे-उभे पत्रे घालून कप्पे पाडलेले असतात. पत्र्यांना भोकं असतात, त्यामुळे पाणी इकडून तिकडे जातं, पण जोर धरत नाही.

आता हे साडेचार हजार लिटर पुरतात किती? 20 मिलिमीटर तोंडाच्या एका ब्रँचमधून, म्हणजे पाइपच्या टोकाच्या हातात धरायच्या तोटीतून, 7 बार दाबाने पाणी सोडलं तर मिनिटाला सुमारे 700 लिटर जातं. म्हणजे साडेसहा मिनिटांत टाकी कोरडी! शिवाय ती ब्रँच धरणाऱ्याला मागे रेटणारा जोर जवळजवळ 45 किलोचा. त्यासाठी दोन माणसं हवीत. दोन ब्रँच म्हणजे चार माणसं, पंपावर एक, सूचना द्यायला एक. मागच्या बाकाचा हिशोब इथे लागतो.

पाणी वाचवायचा एक हुशार मार्ग म्हणजे बारीक फवारा. 1 लिटर पाण्याचे 1 मिलिमीटरचे थेंब केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग 6 चौरस मीटर होतो. दशांश मिलिमीटरचे केले तर 60. पृष्ठभाग वाढला की वाफ पटकन होते, आणि खरी उष्णता शोषली जाते ती वाफ होतानाच. 25 अंशांचं 1 लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे 314 किलोज्यूल लागतात, त्याची वाफ करायला आणखी 2257. बंबावरच्या होज रीलला, म्हणजे रिळावर गुंडाळलेल्या बारीक पाइपला, 35-40 बारचा दाब देतात, तो यासाठी. मात्र लाकडाच्या वखारीची खोलवर धुमसणारी आग या धुक्याला जुमानत नाही, तिथे जाड धारच लागते.

टाकी संपली आणि टँकर यायला वेळ असला तर विहिरीत किंवा नदीत सक्शन पाइप सोडतात. इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो खरं, पण तो फक्त पाइपमधली हवा काढतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला ही हवा फार तर 10.3 मीटर ढकलू शकते. पुणे 560 मीटर उंचीवर, त्यामुळे कागदावरच अर्धा-पाऊण मीटर कमी, आणि प्रत्यक्षात 7 मीटर मिळाले तरी भलं. त्यात बंबाचा सेंट्रिफ्यूगल पंप, म्हणजे फिरत्या चाकाने पाणी बाहेर फेकणारा पंप, हवेपुढे अगदीच हतबल. पाइपमधली हवा काढायला त्याच्या जोडीला वेगळा प्रायमर लागतो. मागच्या पॅनेलवर दाब दाखवणारं एक घड्याळ असं असतं, ज्याचा काटा शून्याच्या खालीही जातो. प्रायमर चालू असताना ऑपरेटरची नजर त्यावरच खिळलेली असते. काटा खाली जायचा थांबला आणि पाणी आलं नाही, तर पाइपच्या तोंडाची जाळी बुजलीय किंवा पाणी आवाक्याबाहेर आहे. काटा हललाच नाही, तर कुठलं तरी कपलिंग, म्हणजे पाइपचा सांधा, हवा खातंय.

पंप फिरवतं गाडीचंच इंजिन. गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारी ताकद पंपाकडे वळवलेली असते. पण उभ्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा लागत नाही, आणि आगीवर इंजिन तासन्तास चालू. मग पंपातलंच थोडं पाणी वेगळ्या नळीने फिरवून इंजिनाची उष्णता काढून घेतात.

राहिला बोळांचा प्रश्न. कसब्यात मोठी गाडी आत शिरत नसेल तर ती हमरस्त्यावर उभी करून होज आत न्यायचा. 63 मिलिमीटरच्या होजमध्ये मिनिटाला 700 लिटर पाणी वाहत असेल तर 100 मीटरमागे घर्षणात सुमारे 2 बार दाब खर्च होतो, आणि त्याच होजमधून दुप्पट पाणी नेलं तर खर्च चौपट. यावर उतारा म्हणजे एकाऐवजी दोन होज टाकायचे. प्रत्येकात निम्मंच पाणी वाहतं आणि दाबाचा खर्च चौथ्या हिश्शावर येतो. होज उलगडायला माणसं मात्र दुप्पट लागतात.