शंभर तास वाजवल्यावरच हेडफोन 'खुलतो' का?

"महागडा बंद कपांचा हेडफोन शंभर तास नुसता वाजवत ठेवा, मगच बेस (खालचा, घुमणारा आवाज) खुलतो," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. (आमच्या गावात तेवढी लाईट राहिली तर!) अनुभव खोटा नाही, कारण वेगळं आहे. हेडफोनमधला आवाज काढणारा पडदा वापरानं फारसा बदलत नाही. बदलते ती कपाची गादी, ती मऊ होऊन कानाभोवती घट्ट बसते. फट राहिली की बंद कपातून आधी बेसच गळतो, त्याला चष्म्याची काडीही पुरते. शिवाय कानाला त्या आवाजाची सवय होते.

पहिल्याच दिवशी भजनातला पखवाज लावा, चष्मा काढा, कप हलके दाबा. घुमारा तिथल्या तिथं वाढला, तर कारण सापडलं. फक्त कूलर बंद ठेवा. त्याची घरघर बंद कपातूनही आत शिरते. वैशाखात विदर्भात ते जमवणं मात्र अवघड.