मेंढरांचा घोळका आणि लायपोपेप्टाइड

चिकोडीकडं एप्रिलच्या दुपारी मेंढरं बघितलाय काय कधी, ऊन चढलं की घोळका करून एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून गप उभी राहतात, धनगरानं सांगायला लागत नाही. लायपोपेप्टाइड नावाच्या रेणूंचं पण तसंच, फक्त तिथं डोकं बाहेर आणि शेपूट आत! डोकं म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, तिला पाणी चालतंय. शेपूट फॅटी ॲसिडचं, त्याला पाणी नको. पाण्यात थोडे असले तर सुटे फिरतात, ठरावीक प्रमाणाच्या वर गेले की आपसूक गोळे नाहीतर फिती बनतात.

निपाणीत खताच्या दुकानात बॅसिलस सबटिलिसची पुडी मिळते की, पिकावरच्या रोगाला, त्याच जातीचे जिवाणू सर्फॅक्टिन नावाचं लायपोपेप्टाइड बनवतात. १९६८ ला जपानमध्ये सापडलं. सात अमिनो आम्लांचं कडं आणि एक शेपूट, बास.

आता हे बॅक्टेरियाला मारतात कसं? बॅक्टेरियाचं आवरण पण चरबीचंच, म्हणून शेपूट त्यात सहज घुसतं, आवरण गळायला लागतं आणि आतला माल बाहेर. पण आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींना पण तसलंच आवरण, आणि सर्फॅक्टिन त्यापण फोडतं, म्हणून ते इंजेक्शनात देता येत नाही. डॅप्टोमायसिन नावाचं लायपोपेप्टाइड मात्र २००३ पासून औषध म्हणून वापरात आहे. कोलिस्टिन पण लायपोपेप्टाइडच, ते तर शेवटचा उपाय म्हणून आयसीयूत देतात, किडनीला त्रास होतो तरी, आणि तेच आपल्याकडं कोंबड्यांच्या खाद्यात घालायचे, २०१९ ला सरकारनं बंदी घातली. उशीरच केला म्हणायचं.

मला खरी मजा वाटते ती दुसऱ्या कामाची. प्रोलीन हे साधं अमिनो आम्ल रिॲक्शन घडवून आणतं, त्या शोधासाठी बेंजामिन लिस्टना २०२१ चं नोबेल मिळालं (मॅकमिलन यांच्यासोबत विभागून). पण नुसतं प्रोलीन पाण्यात नीट चालत नाही, कारण ज्यांची रिॲक्शन करायची ते तेलकट पदार्थ पाण्यात विरघळतच नाहीत. मग ब्राझीलच्या वेंडेल आल्वेस यांच्या ग्रुपनं, इंग्लंडातल्या रेडिंग विद्यापीठाच्या इयान हॅमली यांच्यासोबत, प्रोलीन, आर्जिनीन, ट्रिप्टोफॅन असं तिघांचं डोकं करून मागं १६ कार्बनचं शेपूट लावलं. घोळका झाला की तेलकट पदार्थ आतल्या चरबीत गोळा होतात, दाटीवाटीनं, आणि बाहेरच्या कडेला प्रोलीन तयारच असतंय. आर्जिनीनवर धन भार, बॅक्टेरियाच्या अंगावर ऋण, म्हणजे एकाच रेणूचा एक भाग बॅक्टेरियाला चिकटायच्या कामाचा आणि दुसरा रिॲक्शनच्या.