बिठूर (ब्रह्मावर्त)

उत्तर प्रदेशातील कानपूर नगर जिल्ह्यातले गंगेच्या उजव्या तीरावरील लहान शहर व तीर्थक्षेत्र. ते कानपूरच्या वायव्येस सुमारे २५ किमी. वर आहे. कारभार नगरपंचायतीकडे असून लोकसंख्या सुमारे ११ हजार (२०११) आहे. कानपूर–फर्रुखाबाद लोहमार्गावरील मंधना येथून इकडे फाटा येतो. त्याच्या शेवटच्या स्थानकाचे नाव बिठूर नसून ब्रह्मावर्त आहे. जुन्या मराठी लेखनातही गावाचा उल्लेख बहुधा याच नावाने येतो.

मनुस्मृतीतले ब्रह्मावर्त मात्र हे नव्हे. ते सरस्वती आणि दृषद्वती या नद्यांमधले, म्हणजे येथून बरेच पश्चिमेला. बिठूरला हे नाव चिकटले ते क्षेत्रमाहात्म्यामुळे. सृष्टी निर्माण केल्यावर ब्रह्मदेवाने येथे अश्वमेध केला, अशी कथा आहे. ब्रह्मावर्त घाटाच्या पायरीत रुतलेला एक खिळा ‘ब्रह्माची खुंटी’ म्हणून पुजला जातो. वाल्मीकींचा आश्रम, लवकुशांचे जन्मस्थान आणि ध्रुवाची टेकडीही (ध्रुव टीला) येथेच दाखवतात. वाल्मीकी आश्रमाचा मान सांगणारी गावे देशात इतरही आहेत. पुराणकथा बाजूला ठेवल्या तरी वस्ती जुनीच ठरते : १८२२ मध्ये येथे तांब्याचा भाल्यासारखा काटेरी हार्पून सापडला. गंगेच्या खोऱ्यातील ताम्रनिधींपैकी (प्राचीन तांब्याच्या वस्तूंच्या साठ्यांपैकी) सर्वांत आधी नोंदला गेलेला नमुना तो हाच.

घाटांपैकी तांबड्या दगडाचा पत्थर घाट अवधचे दिवाण टिकैतराय यांनी बांधविला. वाल्मीकी आश्रमाजवळचा ‘स्वर्ग नसेनी’ (स्वर्गाची शिडी) हा दिव्यांच्या कोनाड्यांचा मनोरा मराठी माणसाला पाहताक्षणी दीपमाळेची आठवण करून देतो.

मराठ्यांच्या इतिहासात बिठूर येते ते पराभवानंतर. ३ जून १८१८ रोजी दुसरा बाजीराव इंग्रजांना शरण गेला. वार्षिक ८ लाख रुपये तनखा घेऊन त्याने पुणे कायमचे सोडायचे, असे ठरले, आणि राहण्यासाठी गंगाकाठचे हे क्षेत्र नेमले गेले. त्याच्यामागोमाग आश्रित, भिक्षुक, कारकून, शिपाई अशी मोठी मराठी वस्ती आली. वाडे, देवळे, दानधर्म, सणवार यांनी गंगाकाठी एक छोटे पुणेच उभे राहिले. फक्त राज्य तेवढे नव्हते. १८२७ मध्ये बाजीरावाने वेणगावच्या (कर्जतजवळ) भट घराण्यातील धोंडोपंत यास दत्तक घेतले, हाच नानासाहेब. येवल्याकडून आलेल्या टोपे कुटुंबातला तात्या आणि मोरोपंत तांब्यांची मनू, पुढची झाशीची राणी, याच आश्रयात वाढली. या तिघांनी एकत्र घोडदौड केल्याचे चित्र लोकप्रिय असले, तरी मनूचे जन्मवर्ष काही जण १८२८, तर काही १८३५ मानतात, आणि तात्या तिच्याहून बराच मोठा होता. तिघे समवयस्क सवंगडी होते, असे समजण्यात अर्थ नाही.

१८५१ मध्ये बाजीराव वारला आणि डलहौसीच्या सरकारने तनखा नानासाहेबास नाकारला. नानासाहेबाचा वकील अजीमुल्ला खान याने लंडनला जाऊन केलेली रदबदलीही फुकट गेली. जून १८५७ मध्ये कानपूरची फौज उठली, तेव्हा नानासाहेब तिचा म्होरक्या झाला. कानपुरातील सतीचौरा घाट आणि बिबीघर येथे बंडवाल्यांनी इंग्रजांची हत्याकांडे केली. त्यानंतर इंग्रजांनी कानपूर परत घेतले आणि दोन दिवसांत, १९ जुलैला, बिठूरचा वाडा जाळला. १६ ऑगस्टला इंग्रज सेनानी हॅवलॉकने येथे पुन्हा लढाई केली. डिसेंबरमध्ये होप ग्रँटच्या फौजेने देऊळ व वाड्याचे उरलेसुरले भाग सुरुंगांनी उडविले आणि विहिरीत दडविलेली सोन्याचांदीची भांडी उपसून काढली. पेशव्यांची वस्ती येथे जेमतेम चाळीस वर्षे टिकली, आणि ज्यांचे वैभव सांगितले जाते त्या वाड्यांचे आज पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. नानासाहेबांच्या नावे एक स्मारक उद्यान आहे.

तरी मराठी माणसांची ये-जा पूर्ण थांबली नाही. टेंबे स्वामी (वासुदेवानंद सरस्वती) यांनी येथे एकाहून अधिक चातुर्मास केले, त्यामुळे दत्तभक्त आजही ब्रह्मावर्ताची वाट धरतात. गावची खरी गर्दी मात्र कार्तिकी पौर्णिमेची. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतले लोक गंगास्नानासाठी घाटांवर लोटतात आणि मोठी जत्रा भरते.