कॅथ लॅबचं बिल भरण्याआधी

हृदयाचं कॅथेटरायझेशन, म्हणजे घरात आपण ज्याला नुसतं 'अँजिओग्राफी' म्हणतो ते झालं की अमेरिकेत टपालानं बरेचदा आधी येतो तो विमा कंपनीचा ईओबी. किती मंजूर झालं, किती नाकारलं आणि तुमच्या वाट्याला किती आलं, याचा तो हिशेब. ते बिल नव्हे. त्यावर कुणालाही चेक पाठवू नका.

मग बहुधा दोन बिलं येतात. एक हॉस्पिटलचं: कॅथ लॅब (जिथे ही तपासणी होते ती खोली), यंत्रं, नर्स, साहित्य. दुसरं डॉक्टरांचं, त्यात प्रोसिजरच्या कोडला, म्हणजे काय केलं ते सांगणाऱ्या आकड्याला, जोडून २६ हा मॉडिफायर दिसतो; हे पैसे फक्त डॉक्टरांच्या कामाचे, अशी ती खूण. दोन बिलं पाहून अनेक जण धास्तावतात, पण ही दुबार आकारणी नाही.

खरा घोटाळा होतो तो कोडमध्ये. म्हणून अशी बिलं तपासायला मदत करणारे आम्ही कळकळीची विनंती करतो की कोडसकट तपशीलवार बिल आणि प्रोसिजरचा लेखी अहवाल, हे दोन्ही कागद मागवा. अहवाल मागण्याचा हक्क रुग्णाच्या वैद्यकीय माहितीविषयीच्या हिपा कायद्यानं तुम्हाला दिलेला आहे आणि तो साधारणपणे ३० दिवसांच्या आत मिळायला हवा.

हातात आले की दोन्ही शेजारी ठेवून वाचा. फक्त हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये डाय सोडून चित्रं घेतली असतील तर कोड ९३४५४. कॅथेटर (बारीक नळी) डाव्या जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात नेऊन तिथला दाबही मोजला असेल तर ९३४५८. उजवी बाजूही तपासली असेल तर ९३४६०. आधी बायपास झालेल्या रुग्णाचे ग्राफ्ट (बायपासमध्ये जोडलेल्या रक्तवाहिन्या) डाव्या बाजूच्या तपासणीसोबत पाहिले असतील तर ९३४५९. अहवालात डाव्या जवनिकेचा उल्लेखच नाही आणि बिलात मात्र ९३४५८ आहे, तर विचारायलाच हवं. २०११ पासून हे कोड एकत्रित झाले आहेत. डाय सोडणं आणि चित्रांचं वाचन त्यांतच धरलेलं असतं. डाव्या जवनिकेचं चित्र घेतलं असेल तर तेही ९३४५८ मध्येच आलं, त्याची वेगळी ओळ बिलात नको.

तपासणी चालू असतानाच अडथळा सापडला आणि त्याच बैठकीत स्टेंट बसवला, तर प्रश्न नाजूक होतो. स्टेंटसोबत तपासणीचं वेगळं बिल लावता येतं, पण ती पूर्ण तपासणी असावी लागते, स्टेंटचा निर्णय तिच्यावरूनच झालेला असावा लागतो आणि आधीची कॅथेटर अँजिओग्राफी उपलब्ध नसावी लागते. ती असेलच, तर प्रकृती बदलली होती किंवा जुनी चित्रं अपुरी होती, हे अहवालात लिहिलेलं हवं. थोड्याच दिवसांपूर्वी दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये अँजिओग्राफी झाली असेल, तर हे आम्हाला आवर्जून सांगा.

'वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही' असं म्हणून क्लेम नाकारला गेला, तर घाबरू नका. स्ट्रेस टेस्टचा निकाल असामान्य आला होता, पण फॉर्मवर नुसतं 'छातीत दुखणं', निदानाचा कोड आर०७.९, एवढंच लिहिलं गेलं, असं घडू शकतं. स्ट्रेस टेस्टच्या असामान्य निकालासाठी आर९४.३९ हा वेगळा कोड आहे. अशा वेळी डॉक्टरांच्या कार्यालयाकडून क्लेम दुरुस्त करून पुन्हा पाठवणं हा अपिलापेक्षा सोपा मार्ग. तरीही मुदतीवर लक्ष असू द्या. नोकरीतून किंवा मार्केटप्लेसवर (सरकारनं उभारलेल्या विमा-बाजारात) घेतलेल्या विम्यात नकाराची सूचना मिळाल्यापासून अंतर्गत अपिलासाठी साधारण १८० दिवस असतात, मूळ मेडिकेअरमध्ये (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्यात) १२०.

हॉस्पिटल विमा कंपनीच्या नेटवर्कमधलं पण डॉक्टर बाहेरचे, अशा वेळी १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेला नो सरप्रायझेस कायदा वाढीव बिलापासून संरक्षण देतो. मात्र आधी ठरवून केलेल्या प्रोसिजरच्या वेळी तुमच्यासमोर एक संमतिपत्र येऊ शकतं. त्यावर सही केली की हे संरक्षण त्या डॉक्टरांपुरतं तुम्ही स्वतःहून सोडता. सही करण्याआधी ते नीट वाचा, शंका असेल तर आम्हाला दाखवा.

आई-वडील भेटीला आलेले असताना त्रास झाला, तर गोष्ट वेगळी. प्रवासी विम्याच्या अनेक योजना जुन्या आजारांना वगळतात किंवा 'अचानक उद्भवलेला त्रास' एवढ्यापुरतीच भरपाई देतात. तिथे त्रास कधी सुरू झाला याबद्दलचा डॉक्टरांच्या नोंदीतला एक शब्दही निर्णायक ठरतो. तो खरा आणि नेमका नोंदवला जाईल, याकडे पहिल्याच दिवशी लक्ष द्या.

आणि बिल खरंच आवाक्याबाहेर असेल, तर संकोच करू नका. करमुक्त, ना-नफा हॉस्पिटलांना लेखी आर्थिक साहाय्य धोरण ठेवावंच लागतं. घरी आल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून निदान २४० दिवस त्यांना तुमचा अर्ज स्वीकारावा लागतो. आमच्याकडे येताना ईओबी, दोन्ही बिलं, अहवाल आणि विम्याचं कार्ड एवढं आणा. पैसे भरून झाले असतील तरी या.