ढकलून सुटेल? नाही, मोडेल

"वीस वर्षं खळ्यात उभी जुनी येझदी मोटरसायकल, इंजिन जाम? दुसऱ्या गिअरात टाका, चौघांनी ढकला, सुटेल." जळगाव-भुसावळकडे हा सल्ला हमखास मिळतो. चुकीचा आहे. जाम इंजिनात पिस्टनच्या (सिलिंडरमध्ये वर-खाली होणाऱ्या दट्ट्याच्या) रिंगा गंजाने सिलिंडरला चिकटलेल्या असतात. झटका बसला की रिंग मोडते, बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, चरे पडतात.

स्पार्क प्लग काढा, भोकातून थोडं डिझेल सोडा, चार दिवस कळ काढा. मग टॉप गिअरात मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे हलवा. भोकातून विटकरी डिझेल उडालं की समजा, पिस्टन हलला.

लगेच किक नको. गाडी टू-स्ट्रोक, आपल्या उन्हाळ्यात क्रँकचे (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचे) रबरी सील वाळून कडक होतात, तिथून हवा ओढली जाते, पेट्रोल कमी पडून पिस्टन तापतो. सील बदला. आणि टू-स्ट्रोकच्या पिस्टनला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, म्हणून टाकीत कोरं पेट्रोल नको, ऑइल मिसळूनच भरा.